टीआरसी नेमकी कुठल्या वर्षाची?

अमेरिकेतल्या एका सरकारी शाळेत गणित शिकवायला मी २०२२च्या जुलैअखेरीस जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर गेले. भारत-अमेरिका करार १९८९चा, दुहेरी कर टाळण्यासाठीचा. त्यातलं २२वं कलम शिक्षकांसाठी आहे. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत शिकवायला आलेली व्यक्ती येण्याच्या लगेच आधी भारताची रहिवासी असेल, तर शिकवण्याच्या पगारावर अमेरिका दोन वर्षांपर्यंत आयकर घेत नाही.

ही सवलत मागायला, सोशल सिक्युरिटी नंबर हातात आला की फॉर्म ८२३३ भरून शाळेच्या पेरोलला, म्हणजे पगार विभागाला द्यायचा, सोबत एक निवेदन जोडायचं. निवेदनाचा मजकूर आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी आयकर खात्याच्या, पब्लिकेशन ५१९ मध्ये आयता मिळतो. फॉर्मवरची सही शपथेवरची असते, प्रमाणपत्र मागितलेलं नाही. पण आमच्या पेरोलच्या बाई म्हणाल्या, ‘तिथल्या रहिवासी असल्याचा तुमच्या सरकारचा कागद आणा, २०२२ सालचा.’ वाद घालण्यात अर्थ नव्हता. कागद येईपर्यंत कर कापला जाणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

ओळखीतल्या प्रत्येकाने ‘फॉर्म १०एफ भर’ असा सल्ला दिला. तो आपल्यासाठी नव्हताच! भारतात कमाई असलेल्या परदेशी रहिवाशांना तो लागायचा. भारताच्या रहिवाशाला टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे करासाठी भारताचा रहिवासी असल्याची टीआरसी, मागायची तर तेव्हा १०एफए भरून आपल्या करनिर्धारण अधिकाऱ्याकडे द्यावा लागायचा. प्रमाणपत्र यायचं ते १०एफबी नमुन्यात.

खरा घोळ वर्षाचा होता. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. ‘२०२२ सालचा कागद’ आपल्याकडे निघतच नाही, निघतो तो २०२१-२२चा किंवा २०२२-२३चा. माझा पहिला विचार अर्थातच २०२२-२३चा, कारण निघाले त्याच वर्षात. सीएने तो तिथेच थांबवला. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या आर्थिक वर्षात रहिवासी ठरायला किमान १८२ दिवस भारतात काढावे लागतात. एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत सगळे दिवस धरले तरी चारच महिने भरतात. म्हणजे २०२२-२३ साठी मी अनिवासी. त्या वर्षाची टीआरसी मागणं म्हणजे नकार ओढवून घेणं. शिक्षक बहुतेक शाळा सुरू होण्याच्या सुमाराला, जुलै-ऑगस्टमध्ये निघतात, त्यामुळे या खाचेत जवळपास सगळेच सापडतात. सीएचं म्हणणं असं की, करार विचारतो ते येण्याच्या आधीच्या स्थितीबद्दल, अख्ख्या २०२२ बद्दल नाही. तेव्हा २०२१-२२चीच घ्यायची आणि मधले चार महिने पासपोर्टने भरून काढायचे.

अर्ज भावाने नेऊन दिला, माझ्या अधिकारपत्रावर. पॅन, पत्ता, रहिवासी असण्याचा आधार, पासपोर्टच्या प्रती, त्या वर्षाच्या विवरणपत्राची पोच, फॉर्म १६. मधला काळ नुसता पाठपुराव्याचा. निघण्याआधीच हा अर्ज करून ठेवता आला तर फार बरं. परदेशातून ‘साहेब आहेत का’ विचारण्यात रात्री जातात.

प्रमाणपत्र आलं तेव्हा मी त्याला एक पानी पत्र जोडलं: भारताचं वर्ष कधी सुरू होतं, कधी संपतं आणि त्यानंतर मी देश कधी सोडला. सोबत भारतातून निघाल्याचा शिक्का असलेलं पासपोर्टचं पान. पेरोलच्या बाईंनी ते वाचून ८२३३ आयआरएसकडे पाठवला. तिथून हरकत यायला दहा दिवसांची मुदत असते. ती आली नाही आणि संघीय आयकराची कपात थांबली. राज्याचा कर मात्र वेगळा असतो. कॅलिफोर्निया, पेन्सिल्व्हेनिया यांसारखी राज्यं हा करार धरत नाहीत, तेव्हा तिथे जाणाऱ्यांनी पूर्ण पगार हातात पडेल असं धरून चालू नये.

सवलतीची दुसरी बाजू पेरोलमध्ये कुणी सांगितली नाही. मुक्काम दोन वर्षांपेक्षा लांबला, तर भारतीयांच्या बाबतीत ती मुळापासून जाते. दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी वेगळं काही ठरवलं नसेल, तर पहिल्या पगारापासूनचा कर भरावा लागतो. आणि जे-१ वर शिक्षकांना तीन वर्षं राहता येतं! मला भारतातल्या माझ्या शाळेने दोनच वर्षांची बिनपगारी रजा दिली होती, म्हणून मी सवलत घेतली आणि मुदतीच्या आत परतले. माझ्या शेजारच्या वर्गातल्या भारतीय शिक्षिकेचं तीन वर्षं राहायचं आधीच ठरलं होतं. तिने ८२३३ भरलाच नाही, दर महिन्याला कर कापू दिला.