स्टे असताना बांधलेली भिंत

आज आत्यासोबत दिवाणी कोर्टात गेलो होतो. वडिलोपार्जित जागेवर कोर्टाचा मनाई हुकूम (स्टे) असताना समोरच्यांनी रातोरात भिंत घातली आणि पोलिसांत गेलं तर हे सिव्हिल मॅटर आहे म्हणून परत पाठवतात. वकील म्हणाले दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर ३९ रूल २अ खाली अर्ज टाकू, हुकूम मोडल्याचं सिद्ध झालं तर समोरच्यांची प्रॉपर्टी जप्त होऊ शकते, ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद पण. पण सिद्ध आत्यानेच करायचं, फोटो, कोर्ट कमिशनरचा (जागा पाहायला कोर्टाने नेमलेल्या माणसाचा) रिपोर्ट, समोरच्याला हुकूम माहीत होता याचा पुरावा, सगळं. या वयात! खूप राग येतो. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात तर दंड जास्तीत जास्त २००० रुपये, एवढ्याला कोण घाबरणार? तुमच्याकडे स्टे असेल तर कॉपी समोरच्याला देऊन पोच घेऊन ठेवा प्लीज.