कडेकोट रविवार

जर्मनीत रविवारी कोथिंबीर मिळत नाही. कांदे मिळत नाहीत, साखर मिळत नाही, खिळे, चपला, वह्या, काहीसुद्धा मिळत नाही. पाहुण्यांना नळाच्या पाण्याची वेळ सांगून ठेवावी तसं लेकीने म्युनिकच्या विमानतळावरून घरी येतानाच हे आम्हाला सांगून ठेवलं होतं. मी मान डोलावली, पण खरं सांगायचं तर पटलं नव्हतं. एवढं मोठं शहर, कोपऱ्यावर एखादा वाणी तर उघडा असेल!

नव्हता. बव्हेरियात एरवीही दुकानं रात्री आठला बंद होतात आणि शनिवारी आठला पडलेलं शटर थेट सोमवारी सकाळी वर जातं. मधल्या वेळात बेकऱ्या काही तास उघडतात. सकाळी तिथे गरम पावासाठी रांग लागते, आणि त्या रांगेत उभं राहिलं की शहरात माणसं राहतात याची खात्री पटते. औषधांची दुकानं पाळीपाळीने उघडी असतात. आज कोणाची पाळी, ते बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. फारच नड असेल तर रेल्वे स्टेशनातलं दुकान किंवा पेट्रोल पंप. पंपावरचं दूध घेताना जावई किंमत बघत नाही, मी बघते.

मला वाटलं होतं, ही जुनी चालरीत असेल, लोक सवयीने पाळत असतील. तर तसं नाही, हे चक्क त्यांच्या राज्यघटनेत आहे. रविवार हा कामातून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून जपला जाईल, असं 1919 च्या वायमार घटनेत लिहिलं होतं. 1949 मध्ये नवी घटना झाली तेव्हा ते कलम जसंच्या तसं उचलून घेतलं. पुढे बर्लिनने नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायला परवानगी दिली, तेव्हा चर्चवाले कोर्टात गेले. 2009 मध्ये तिथल्या घटनापीठाने ती परवानगी रद्द केली. ऐन खरेदीच्या दिवसांत! आपल्याकडे दिवाळीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मी रोड बंद ठेवायला कोर्टाने सांगितलं तर काय होईल, या विचारानेच मला हसू आलं.

पण मग मला आपला रविवार आठवला, आणि तो काही आयता मिळालेला नव्हता. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मागणी लावून धरली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार. 1890 मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. जर्मनीतल्या कारखान्यांत रविवारच्या विश्रांतीचा कायदा झाला 1891 मध्ये. म्हणजे गंमत बघा, खंडोबाचा रविवार आणि येशूचा रविवार एका वर्षाच्या अंतराने कामगारांच्या पदरात पडले. पुढे मात्र दोघांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या.

आपला रविवार म्हणजे आठवडाभर तुंबलेल्या कामांचा वार. सुतार येणार तो रविवारी, कारण साहेब घरी असतात. सोसायटीची मीटिंग रविवारी, टाकी धुणं रविवारी, मटणाच्या दुकानापुढची रांग रविवारी. वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशीनसुद्धा रविवारी सकाळीच जागं होतं. म्युनिकला लेकीच्या घरात एक फळी भिंतीवर लावायची राहिली होती. नवऱ्याने रविवारी नाश्ता झाल्याबरोबर बाह्या सरसावल्या, तशी जावयाने अलगद ड्रिल कपाटात ठेवून कपाट बंद केलं. "बाबा, आज नको." गवत कापायचं यंत्रही आज नको. काचेच्या रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या पिंपात टाकायच्या, तर त्याही आज नकोत, कारण त्या खळ्ळकन फुटतात. पिंपावर टाकायच्या वेळा लिहिलेल्या असतात आणि त्यात रविवार नसतो. सगळ्या गावाला गप्प बसवून चर्चची घंटा मात्र सकाळी पंधरा-पंधरा मिनिटं घणघणत असते. तिला कोण सांगणार!

एका रविवारी आम्ही गाडीने साल्झबुर्गकडे निघालो. रस्ता मोकळा, मोठा ट्रक औषधाला नाही. साडेसात टनांवरच्या ट्रकना रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर यायला बंदी. दूध, फळं असा नाशवंत माल तेवढा सुटतो. मग बाकीचे ट्रक कुठे जातात? चहासाठी थांबलो तिथे ते सापडले, एकाला एक खेटून उभे. दोन ट्रकच्या मधल्या सावलीत एक ड्रायव्हर चपला घालून छोट्या गॅसवर काहीतरी परतत बसला होता. आरशाला त्याने धुतलेला शर्ट वाळत घातला होता. नंबरप्लेट रोमानियाची. मी बघतेय म्हटल्यावर त्याने कढई जराशी वर उचलून दाखवली. बटाटे होते. त्याची सुट्टी होती, पण घर दोन देश पलीकडे. मनाची उन्नती त्याने कशी करून घ्यायची, कोण जाणे.

तो बघितल्यापासून मी त्या शांततेकडे जरा शंकेने बघायला लागले. समोरच्या इमारतीतल्या एक आजी दुपारभर खिडकीत उशी ठेवून, तिच्यावर कोपरं टेकून बसायच्या. बघायला रस्त्यावर काही नसायचं, तरी बसायच्या. सोमवारी त्याच आजी भाजीच्या दुकानात गल्ल्यावरच्या मुलीशी इतकं बोलत राहायच्या की मागची रांग चुळबुळायची. आपल्याकडे एकट्या म्हातारीला रविवारी निदान दारावर भंगारवाला तरी हाक मारतो. बाकीच्यांचं ठीक चाललेलं असतं. इझार नदीच्या काठाने घरंच्या घरं चालत असतात, दुपारी कॉफी आणि केक. चित्रं बघायची हौस असेल तर आम्ही होतो तेव्हा पिनाकोटेकच्या संग्रहालयात रविवारी एक युरोत प्रवेश होता. मी दोनदा जाऊन आले, स्वस्तात मिळालेली उन्नती कोण सोडतं?

पण एक गोष्ट मला राहून राहून आवडली, ती गल्ल्यावरच्या मुलीची सुट्टी. आपण सुट्टी घेतो तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी कामाला लावतो. मॉलमध्ये हिंडतो, हॉटेलात जातो, दहा मिनिटांत किराणा मागवतो. तो आणून देणारा मुलगा उन्हात हेल्मेट काढून ओटीपी विचारतो आणि आपण दारातूनच आत वळतो. आणि त्याच्याही आधी घरातली बाई. माझी उभी हयात रविवारी दुप्पट स्वयंपाकात गेली. सकाळी इडल्या, दुपारी साग्रसंगीत, चारला भजी, "आज सगळे घरी आहेत ना!" गिरणीतल्या माणसाला 1890 मध्ये मिळालं ते माझ्या ओट्यापर्यंत काही पोचलं नाही.

तिथे बऱ्याच घरांत रात्री चूलच पेटवत नाहीत. पाव, लोणी, चीज, मांसाचे काप, काकडीचं लोणचं, सगळं एका लाकडी पाटावर मांडून ठेवायचं आणि ज्याचं त्याने वाढून घ्यायचं. जावयाने हे उचललंय. तो पाट मांडतो, लेक सोफ्यावर पाय वर घेऊन बसते आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. पहिल्या रविवारी मला वाटलं, एवढी शिकलेली मुलं आणि पाहुण्यांना गार जेवण! दुसऱ्या रविवारी मीही पाय वर घेतले.

परत आल्यावर मी घरात जाहीर करून टाकलं की रविवारी रात्री गॅस बंद. नवऱ्याने पेपर खाली केला, थोडा विचार केला आणि विचारलं, "चालेल. पण वरण-भात कोणत्या वेळेला?"