दगडफूल आणि वटवाघूळ

मराठवाड्यातल्या काळ्या मसाल्यात दगडफूल हवेच, आणि गावच्या जुन्या वडाला उलटी लटकणारी मोठी वटवाघळेही सर्वांच्या ओळखीची. या दोन जीवांचे वर्गीकरण आणि संरक्षण एकत्र तपासले, तर जपणुकीतली मोठी उणीव दगडफुलाच्या बाजूला दिसते.

सजीवांच्या वर्गीकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनीयसने 1758 साली वटवाघळांना माणूस आणि माकडांसोबत प्रायमेट गणात ठेवले होते. आज कायरॉप्टेरा या त्यांच्या स्वतंत्र गणात 1400 हून अधिक जाती आहेत. फळे खाणारी मोठी आणि कीटक खाणारी छोटी, ही विभागणी जनुकीय अभ्यासात टिकली नाही, कारण पडक्या वास्तूंत राहणारी उंदीरशेपटी वटवाघळे आकाराने लहान व कीटकभक्षी असूनही वडावरच्या टेरोपस मीडियसच्याच शाखेत निघाली. एवढे फेरबदल होऊनही वटवाघळाच्या प्रत्येक जातीच्या नावामागचा प्राणी एकच राहिला.

दगडफुलाचे तसे नाही. दगडफूल हे एक लायकेन आहे. लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन, हे स्विस शास्त्रज्ञ सिमोन श्वेन्डेनर यांनी 1867 साली मांडले, तेव्हा अनेक लायकेनतज्ज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला. मसाल्यातल्या पार्मोट्रेमा पर्लेटमचे हे नाव नियमानुसार केवळ बुरशीचे आहे. तिला अन्न पुरवणाऱ्या हिरव्या शैवालाला त्याचे स्वतंत्र नाव असते. काही लायकेनांच्या वरच्या थरात यीस्टही असल्याचे 2016 साली दिसून आले.

संरक्षण जातीच्या नावाने दिले जाते, म्हणून हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याने फळभक्षी वटवाघळांना उंदरांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात टाकले होते, आणि ते परिशिष्ट 2022 च्या दुरुस्तीने रद्द झाले. हा अन्याय दूर व्हायला पन्नास वर्षे लागली, तरी तो दूर करता आला, कारण त्यांचे नाव निदान कागदावर होते. त्याच कायद्याला 1991 साली जोडलेल्या वनस्पतींच्या परिशिष्टात सहा नावे होती, त्यांत एकही लायकेन नव्हते.

टेरोपसची मादी वर्षाला साधारणतः एकच पिलू देते, तर लायकेन वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर वाढते. ओरबाडून नेल्यास दोघांचीही भरपाई लवकर होत नाही. आपल्या बाजारातले दगडफूल मुख्यतः हिमालयातून आणि सह्याद्रीतून येते, आणि एकाच पोत्यात अनेक जाती मिसळलेल्या असतात. त्यामुळे खरेदीच्या ठिकाणीच जातवार नोंद व्हावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.