मुरलेलं बीड

रविवार, रात्री दहा

सकाळी कुपवाड एमआयडीसीत एका भंगारवाल्याकडे गेलो होतो. माझ्या हाताखाली शिकलेल्या एका पोराला त्याच्या वर्कशॉपसाठी जुना लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, घ्यायचाय. त्याचा बेड, म्हणजे ओतीव लोखंडाचा, बिडाचा, लांबट पाया, सरळ असला तरच काम सरळ होतं. "मामा, तुम्ही बेड बघून सांगा, मगच पैसे मोजतो," म्हणाला. रिटायर झाल्यावर माणूस एवढ्यावरच खूश होतो. स्ट्रेट एज (सरळपणा बघायची पट्टी) आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) पिशवीत टाकून निघालो.

तिथं आमच्याच कंपनीचे दोन बेड पडलेले. एक जुना, बाजूला आमचे जुने तपासनीस आण्णा यांचा पंच, म्हणजे तपासून पास केल्याचा ठोकलेला शिक्का. दुसरा बराच नंतरचा. त्यावर माझा.

आण्णांच्या बेडवरचा गंज, तेलाचं किटण पुसलं आणि स्ट्रेट एज ठेवली. हेडस्टॉकजवळ, म्हणजे काम फिरवणाऱ्या डोक्याच्या बाजूला, जिथं हत्यार धरणारी सॅडल सारखी फिरते, तिथं झीज होतीच. पण टेलस्टॉककडच्या, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या अंगाला, जिथं काम कमी पडतं, तिथं ०.०५ मिलिमीटरचं पान कुठं शिरेना. एवढी वर्षं चाललेलं मशीन!

मी १९८४ ला लागलो तेव्हा शेडमागच्या अंगणात बेडच्या रांगा असायच्या. पहिला रफ कट मारून उघड्यावर टाकलेले, ऊन-पाऊस खात, सहा सहा महिने. मला वाटलं, ऑर्डर नसेल. आण्णा हसले. "आरं, लोणचं घातल्या घातल्या खातोस का? बीड मुरू दे की." ओतलेल्या बिडाचा पातळ भाग आधी निवतो, जाड नंतर, आणि त्या ओढाताणीचा ताण आत अडकून बसतो. वरची कातडी काढली की तो हळूहळू मोकळा होतो आणि बेड वाकतो. वाकायचा तेवढा अंगणात वाकू द्यायचा, मग फिनिश करायचा. शेवटी निळा रंग लावून उंचवटे हाताने खरवडायचे, म्हणजे स्क्रॅपिंग, आणि पृष्ठभाग किती सपाट टेकतो ते कळायला इंचाच्या चौकोनात रंगाचे ठिपके किती उठले ते मोजायचं. ठिपके कमी भरले की आण्णा पंच खिशात घालून सरळ चहाला जायचे.

पुढं मालकांच्या पोरांनी हिस्सा विकला आणि मुंबईहून नवे साहेब आले. अंगणात उभे राहून त्यांनी विचारलं, "हे किती लाख रुपये पडलेत इथं?" खोटं कशाला लिहू, प्रश्न चुकीचा नव्हता. भट्टीत साडेपाचशे डिग्रीला तापवून सावकाश निववलं तरी ताण जातो. भट्टी आली, अंगण रिकामं झालं, आम्हीही वाहवा केली. मग इंधनाचा खर्च डोळ्यात आला. भट्टीची वेळ कमी झाली, निवायच्या आधीच दार उघडायला लागलं. स्क्रॅपिंगची माणसं स्वेच्छानिवृत्तीत गेली. प्रत्येक वेळी बचत त्याच तिमाहीत कागदावर दिसली. बेड वाकायला दीड वर्ष लागायचं आणि वॉरंटी एका वर्षाची! तक्रारी यायला लागल्या तोवर साहेब बढती घेऊन दुसरीकडे गेलेले.

किर्लोस्करवाडीची गोष्ट आण्णा नेहमी सांगायचे. वाडी वसली १९१० ला, पण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर त्याच्या आधीचे, बेळगावचे. लोखंडानं जमिनीत विष भिनतं म्हणून शेतकरी हात लावेनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. आमचे साहेब तिथं असते तर दुसऱ्याच तिमाहीत नांगर बंद.

बोइंग या अमेरिकन विमान कंपनीच्या बातम्या मी एवढ्या वाचतो म्हणून घरी चेष्टा होते. १९९७ ला त्यांनी मॅकडॉनल डग्लस ही कंपनी स्वतःत विलीन केली. २००१ ला मुख्यालय सिॲटलहून शिकागोला नेलं, जिथं विमानं जोडतात तिथून अडीच हजार किलोमीटरहून लांब. २०१८ आणि २०१९ ला ७३७ मॅक्सची दोन विमानं पडून ३४६ माणसं गेली. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी यंत्रणा एकाच सेन्सरवर विसंबलेली, विमानावर दोन असताना. मुख्यालय हलवलं म्हणून विमानं पडली, इतकं सोपं ते नसणार. पण मधली वर्षं मी मोजतो. तोही बेड उशिराच वाकला.

२०२४ च्या जानेवारीत उडत्या विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला भाग निखळला, ते वाचून तर झोप लागली नाही. तो जागेवर धरणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते, आणि कारखान्यात तो भाग उघडल्याची नोंद कंपनीला सापडेना. चुकीची नोंद समजू शकतो. नोंदच नाही म्हणजे तिथं आण्णांसारखं पंच खिशात घालणारं कुणी उरलं नव्हतं.

मी तरी कुठं घातला? भट्टीच्या तापमानाचा चार्ट अर्धवट दिसत असताना महिनाअखेरीला मी पंच मारलेत. एकदा नव्हे. पोरीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष होतं. रजिस्टरमध्ये 'ओके' लिहिलं, खाली सही.

भंगारवाल्याला भाव विचारला तर म्हणाला, "दोन्ही बीडच की वो. किलोवर घ्या." आण्णांचा ठरवला. पोरगं म्हणालं, "मामा, दुसरा पण बघा की, कमी झिजलेला दिसतोय."

ऊन झालंय म्हणालो आणि स्ट्रेट एज पिशवीत घातली. उद्या टेम्पो भरायला जायचंय, तेव्हा बघेन म्हणतो.