तुम्ही विचारलंत म्हणून: त्या २२ नंबरची गोष्ट

मी बर्मिंगहॅममध्ये राहतो आणि बर्मिंगहॅम सिटीच्या मॅच बघायला जातो, हे कळलं की फुटबॉलची आवड असलेला माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला, त्याच शहरात ॲस्टन व्हिलासारखा क्लब असताना हे काय मध्येच? त्याचं उत्तर सोपं आहे. नवीन आलो तेव्हा भाड्याची खोली मिळाली ती सेंट अँड्र्यूज स्टेडियमपासून चालत पंधरा मिनिटांवर. दुसरा प्रश्न जास्त अवघड. पुण्यातला भाचा विचारतो, ऑफिसातला स्पॅनिश सहकारी विचारतो, इथल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एका काकांनीही विचारला: "एकच सीझन खेळलेल्या सतरा वर्षांच्या पोराचा नंबर तुमच्या क्लबनं रिटायर केला म्हणे. डोकं ठिकाणावर होतं ना?"

पोरगा म्हणजे ज्यूड बेलिंगहॅम. पुढे तो जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबला गेला, तिथून स्पेनच्या रिअल माद्रिदला, आणि आता त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पण जुलै २०२० मध्ये बर्मिंगहॅम सिटीनं त्याचा २२ नंबर यापुढे कुणालाच द्यायचा नाही असं जाहीर केलं, तेव्हा त्याच्या नावावर ४४ सामने आणि ४ गोल होते. अख्ख्या इंग्लंडनं दोन दिवस आमची टिंगल केली.

काकांनी अर्थातच सचिन काढला. चोवीस वर्षं, ६६४ आंतरराष्ट्रीय सामने, शंभर शतकं, आणि तरीही १० नंबरची जर्सी बोर्डानं गुपचूप बाजूला ठेवली ती २०१७ मध्ये, आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरनं ती घातली म्हणून लोकांनी त्याला धारेवर धरल्यावर. "आणि तुमचं काय, ४४ मॅच?" काकांच्या हिशेबापुढे मी मोदक खाऊन गप्प बसलो. खरं सांगायचं तर बातमी वाचली तेव्हा मीही हसलो होतो.

पण ते वर्ष कसं होतं ते आधी सांगायला हवं. मार्च २०१९ मध्ये क्लबचे ९ गुण कापले गेले होते. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा तोटा जास्त, म्हणून ही शिक्षा. उन्हाळ्यात मॅनेजरला काढलं, गोल करणारा सगळ्यात भरवशाचा माणूस, चे ॲडम्स, साउदॅम्प्टनला विकला. घरात काहीच शिल्लक नसलं की माणूस जसा माळ्यावरचं जुनं भांडं काढून घासायला घेतो, तसं पेप क्लोटेत या नव्या प्रशिक्षकानं अकॅडमीकडे बघितलं. तिथे सात-आठ वर्षांचा असल्यापासून वाढलेला, जवळच्या स्टौरब्रिजचा एक मुलगा होता. वडील पोलिसात सार्जंट, आणि शनिवारी छोट्या क्लबांकडून खेळून त्यांनी सातशेहून जास्त गोल केलेले. हा मुलगा मात्र स्ट्रायकर नव्हता.

तो नक्की काय होता, यातच २२ आहे. इंग्लंडमध्ये अजूनही मिडफिल्डरची, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणाऱ्याची, कामं आकड्यांत सांगतात. बचावापुढे उभा राहून खेळ अडवणारा तो ४. या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारा ८. गोलसमोर फटी शोधणारा १०. अकॅडमीतल्या प्रशिक्षकांचं म्हणणं होतं की याला यातलं एक निवडायची गरज नाही, हा तिन्ही करेल. चार, आठ, दहा. बेरीज करा. मला क्रिकेटमधले आकडे तोंडपाठ, पण जर्सीच्या पाठीवर कुणी बेरीज मांडल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

६ ऑगस्ट २०१९ ला लीग कपमध्ये पोर्ट्समथविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला, तेव्हा १६ वर्षं ३८ दिवसांचा होता. आम्ही ३-० हरलो. त्यानं मोडलेला विक्रम ट्रेव्हर फ्रान्सिसचा, १९७० सालचा, १६ वर्षं १३९ दिवसांचा. फ्रान्सिस हे आमच्या क्लबचं दैवत. १९७९ मध्ये त्याला विकला तो दहा लाख पाउंडांना. ब्रिटनमध्ये तोवर एवढी किंमत कुणालाच आली नव्हती. त्याचा नंबर मात्र कुणी रिटायर केला नाही, कारण तेव्हा नंबर माणसाचे नसतच. अकरा जागांचे अकरा नंबर, ज्याला जी जागा मिळेल त्याची ती जर्सी. म्हणजे फ्रान्सिसवर अन्याय झाला वगैरे जे आमचे काही म्हातारे अजून म्हणतात, त्यात फारसा दम नाही.

स्टोकविरुद्धची मॅच मी पाहिली, ३१ ऑगस्टची. पाहिली म्हणजे, कुणाला तरी दुखापत होऊन हा पहिल्याच हाफमध्ये मैदानात आला तेव्हा मी चहा आणि बाल्टी पायच्या रांगेत होतो. (बाल्टी हा बर्मिंगहॅमच्या पाकिस्तानी हॉटेलांत जन्मलेला प्रकार. तो मैद्याच्या पायमध्ये भरून फुटबॉलला विकतात. आपल्या माणसाला आधी विनोद वाटतो, मग सवय लागते.) परत येऊन बसलो तर डावीकडे एक उंच, काटकुळा मुलगा. त्याच्यावर धावून येणारे लोक त्याच्या दुप्पट रुंदीचे. ढकलला की पडायचा, उठायचा, आणि पंचाकडे न बघता पुन्हा चेंडू मागायचा. दुसऱ्या हाफमध्ये त्याचा फटका कुणाला तरी लागून आत गेला. देखणा गोल अजिबात नव्हता. आम्ही २-१ जिंकलो, आणि क्लबसाठी गोल करणारा सगळ्यात लहान खेळाडू म्हणून त्याचं नाव लागलं. माझ्या शेजारचा माणूस, चाळीसेक वर्षं त्याच खुर्चीवर बसणारा, उठून उभाही राहिला नाही. नुसता म्हणाला, "हा टिकणार नाही इथे." त्याच्या आवाजात कौतुक होतं की दुःख, मला कळलं नाही.

दोन आठवड्यांनी चार्लटनच्या मैदानावर १-० असा विजय मिळाला. एकमेव गोल त्याचाच. हा गोल लक्षात ठेवा.

मग आधी बरं आणि नंतर फारच वाईट चाललं. डिसेंबरमध्ये लीड्सकडून ५-४ हरलो, त्यातही त्याचा एक गोल होता. कोविड आला, लीग थांबली, जूनमध्ये रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली आणि आम्ही जिंकायचं विसरलो. प्रीमियर लीगच्या खालच्या पायरीवरून आणखी एक पायरी खाली जायची वेळ आली. तिकिटांचा पैसा बंद, खर्च चालू. २० जुलैला डॉर्टमुंडनं त्याला घेतल्याचं जाहीर झालं, रक्कम अडीच कोटी पाउंडांच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या. दोन दिवसांनी डार्बीविरुद्ध शेवटची मॅच. मी लॅपटॉपवर बघत होतो. घरच्या रिकाम्या मैदानावर ३-१ हरलो, आणि तरीही वाचलो. ज्याला निरोप द्यायला एकही माणूस येऊ शकला नाही, तो सतरा वर्षांचा मुलगा रडत होता. दुसऱ्या दिवशी नंबरची घोषणा.

आता काकांच्या ४४ मॅचकडे येतो. त्या वर्षीचं टेबल कधी तरी उघडून बघा. बर्मिंगहॅम ५० गुणांवर, विसावे. चार्लटन ४८ वर, बाविसावे, आणि बाविसाव्यापासून खाली सगळे रेलिगेट, म्हणजे खालच्या लीगमध्ये. आता सप्टेंबरमधला चार्लटनच्या मैदानावरचा तो एक गोल खोडा. मॅच बरोबरीत. आमचे दोन गुण कमी, म्हणजे ४८. त्यांचा एक वाढला, म्हणजे ४९. ते वर, आम्ही खाली. कितव्या क्रमांकावर? बाविसाव्या.

क्लबमधल्या कुणी हे गणित मांडून निर्णय घेतला असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या निवेदनात आपल्या घरचा मुलगा, नव्या पोरांना प्रेरणा, अशी नेहमीची भाषा होती. पण मला तरी पटतं ते एवढंच. सचिनची जर्सी ठेवली ती पूर्ण झालेल्या कारकिर्दीसाठी. आमच्यांनी ठेवली ती एका वर्षाची पावती म्हणून. घरातला धाकटा सोळाव्या वर्षी कमवायला लागला, घर लिलावातून सोडवलं आणि गाव सोडून गेला, तर त्याचं ताट कुणी दुसऱ्याला देत नाही.

हेही सांगतो की ताट कायमचं झाकून ठेवणं मला पसंत नाही. अकॅडमीतल्या ज्या पुढच्या मुलात कुणाला ४, ८, १० दिसतील, त्याला २२ मागता येत नाही, हा उलटा न्याय झाला. ज्यूडचा सख्खा धाकटा भाऊ जोब याच क्लबमधून वर आला. त्यालाही तो नंबर नव्हता. ज्यूडनं स्वतः मात्र डॉर्टमुंडला जाऊन पुन्हा २२ च घातला. तिथल्या पहिल्याच सामन्यात, ड्युइसबर्गविरुद्ध जर्मन कपमध्ये, गोल केला. नोव्हेंबरमध्ये वेंब्लीवर आयर्लंडविरुद्ध इंग्लंडकडून खेळला, तेव्हा अजून अठराही पूर्ण नव्हती. टिंगल करणारे तेव्हापासून जरा हळू बोलायला लागले.

भाचा सोडून. तो माद्रिदची ५ नंबरची जर्सी घालून व्हिडिओ कॉल करतो. मे २०२४ मध्ये शेवटच्या दिवशी आम्ही नॉर्विचला १-० हरवलं आणि तरीही खाली गेलो. (पुढच्या वर्षी १११ गुणांचा विक्रम करून परत वर आलो, तो भाग वेगळा.) त्या संध्याकाळी फोन वाजला.

"मामा, किती पॉइंट्स झाले?"

"पन्नास."

"पन्नासवर तर २०२० मध्ये वाचला होतात ना? मग आता कितवे आलात?"

मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ तो नुसता हसत होता.