तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला क्लिअर मारता हो?

स्केल मॉडेलचा, म्हणजे गाडी-विमानाच्या छोट्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीचा, फोटो दाखवला की पहिला प्रश्न हाच. कुठला क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारता? मी तामिया कंपनीचा एक्स-२२ मारतो, संपलं उत्तर. पण तीच बाटली आणून मारलेल्यांचे 'आमचा संत्र्याच्या सालीसारखा का आला' असे मेसेज येतात, तेव्हा कळतं की विचारायचं वेगळंच होतं.

बाटलीपेक्षा थिनर महत्त्वाचं. मी एक्स-२२ मध्ये मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर घालतो, निम्मं निम्मं, शेवटच्या हाताला थिनर थोडं जास्तच. त्यात रिटार्डर असतो, म्हणजे रंग उशिरा वाळतो आणि त्याला आपापलं पसरून सपाट व्हायला वेळ मिळतो. संत्र्याची साल येते ती बहुतेक वेळा थेंब पसरायच्या आधीच वाळल्यामुळे. मिश्रण घट्ट, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) लांब, नाहीतर प्रेशर जास्त, तिन्हीचा परिणाम एकच. माझं ०.३ मिमीचं नोझल आहे, प्रेशर १५ ते १८ पीएसआय, अंतर साधारण चार बोटं.

आधी दोन हलके हात, नुसती धूळ बसल्यासारखे, आणि मधे दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग ओला हात, आणि इथेच सगळे घाबरतात, मीपण घाबरायचो. तेव्हा एअरब्रशकडे बघू नका, मॉडेलवर पडलेल्या दिव्याच्या प्रतिबिंबाकडे बघा. सुरुवातीला ते दाणेदार, फाटल्यासारखं दिसतं, मग रंग साठत गेला की दाणे एकमेकांत विरघळतात आणि दिव्याची कड एकदम सरळ होते. त्या क्षणी हात पुढे सरकवायचा, अजून थोडं मारू म्हणालात की ओघळ आलाच! हे दोन-तीन सेकंदांचं काम आहे आणि ते कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं. आधी प्लास्टिकच्या चमच्यांवर मारून बघा, चमच्याला बाक असतो त्यामुळे ओघळ कुठून सुटतो तेही कळतं.

विमानवाले विचारतात की शेवटी मॅटच करायचंय तर मधे ग्लॉस कशाला. डिकलसाठी, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ चित्रांसाठी. मॅट रंग डोळ्याला सपाट वाटतो पण असतो खरखरीत, त्यावर डिकल ठेवलं की खाली बारीक हवा अडकते आणि पारदर्शक भाग चंदेरी चमकतो, यालाच सिल्व्हरिंग म्हणतात. तिथे आरसा नको, नुसता गुळगुळीतपणा पुरे. गाड्यांचं उलट, तिथे डिकलच्या वरून क्लिअर जातो, आणि लॅकर (जहाल थिनरवाल्या) क्लिअरचा पहिलाच हात ओला मारलात तर डिकल सुरकुततं. म्हणून तिथे हलके हात जरा जास्तच घ्या.

हवा दमट असेल त्या दिवशी लॅकर मारूच नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि क्लिअर दुधाळ होतो. आणि बाटलीवर अॅक्रिलिक लिहिलंय म्हणून मास्क टाळू नका, लेव्हलिंग थिनर लॅकरचंच आहे, त्याला ऑरगॅनिक व्हेपरचं फिल्टर असलेला मास्क लागतो, कापडी मास्कने काही होत नाही.

मारून झालं की मॉडेलवर डबा उपडा घालायचा, धूळ बसू नये म्हणून, आणि दोन दिवस तिकडे फिरकायचं नाही. वरून वाळला तरी आतून मऊ असतो. बारीक कण राहिलाच तर नंतर २००० च्या सॅंडपेपरने पाण्यात घासून पॉलिश करता येतं, पण कडांवर अजिबात घासू नका, तिथे थर सगळ्यात पातळ असतो.

हे दोन दिवसांचं मी स्वतः पाळलं नव्हतं एकदा. रात्री अकराला डबा उचलला, वाळलाय का बघू म्हणून टपावर बोट टेकवलं. लाल गाडी आहे ती, कपाटात वरच्या फळीवर. तिचे सगळे फोटो खालून काढलेले आहेत.