आमची वाटचाल : पिवळ्या स्लीव्हचं प्रकरण

पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ आमचं माइकच्या कॉर्ड बनवायचं दुकान : एक शटर, एक टेबल, वर पोटमाळा. सुरुवात 25 वॅटच्या सोल्ड्रॉन सोल्डरिंग आयर्नवर. भागीदार होता तो पुढे दुबईला गेला, पै-पैचा हिशोब चुकता करून गेला. मधली वर्षं कॅनन टू कॅनन, कॅनन टू फोनो (कॅनन म्हणजे माइकचा तीन पिनांचा कनेक्टर, फोनो दुसऱ्या जातीचा), गणपतीत रात्रपाळी यांतच गेली.

सांगायचं ते 2016 सालचं. आमच्याच टेबलावर शिकलेल्या एकाने शेजारच्या गल्लीत दुकान टाकलं. टाको बापडा. पण आमच्या कॉर्डच्या दोन्ही टोकांची पिवळी स्लीव्ह, म्हणजे वर चढवायची नळीसुद्धा त्याने उचलली! भाव निम्मा, कारण आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ब्लेडने खरवडलं की पांढरं दिसतं, चार वेळा गुंडाळलं की तुटतं. तक्रारी मात्र आमच्या दारात. मंडपवाल्यांनी उधारी अडवली, बँकेचे हप्ते थकले, पोरांच्या पगारासाठी मी पतसंस्थेचं कर्ज काढलं.

तारलं ते नाटकाच्या साउंडवाल्या अण्णांनी. बालगंधर्वला ऐन प्रयोगात त्यांचा कंडेन्सर माइक गेला. दुसऱ्या दिवशी कॉर्ड टेबलावर आपटून म्हणाले, "तुझीच ना रे ही?" मी कॅनन उघडला. एक नंबर पिनच्या वाटीत शिल्डचे, म्हणजे वायरीभोवतीच्या जाळीचे, केस नुसते टेकलेले, वर कथलाचा करडा, दाणेदार गोळा. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड! शिल्ड सुटली की अशा माइकला लागणाऱ्या 48 व्होल्टचा परतीचा रस्ताच बंद, माइक चालणार कसा? वायर आवळून धरणारा क्लॅम्प तर नव्हताच. शेजारी आमची एक कॉर्ड उघडून ठेवली. अण्णांनी चष्मा लावून दोन्ही पाहिल्या आणि म्हणाले, "हे आमच्या पोरांना दाखव." मग महिनाभर ते एकेका साउंडवाल्याला हाताला धरून आणत होते. थकलेली उधारी त्यांच्याच शब्दावर सुटली. पिवळी स्लीव्ह आम्ही तेव्हाच सोडली. आता पारदर्शक लावतो, आत आमच्या सहीची चिठ्ठी असते.

लॉकडाउन सगळ्यांनीच सोसला, त्याचं काय सांगायचं.

घरी कॉर्ड बनवणाऱ्यांना, विचारलं नसलं तरी सांगतो. कथील 63-37 चं (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) घ्या. ते 183 अंशांना वितळतं नि तिथेच गोठतं. 60-40 चं गोठताना थोडा वेळ लापशीसारखं राहतं, तेवढ्यात वायर हलली की जोड बिघडलाच. फिमेल कनेक्टरमध्ये मेल खोचून ठेवा नि मगच डाग द्या, नाहीतर प्लॅस्टिक मऊ होऊन पिना कलतात. बिटने, म्हणजे आयर्नच्या टोकाने, कथील नव्हे, पिन आणि वायर तापवा. ओढ क्लॅम्पने सोसायची, सोल्डरने नाही. आणि कनेक्टरची मागची टोपी आधी वायरीत ओवा! वीस वर्षं काम करणारेही ती विसरतात, मग सगळा जोड पुन्हा उकलत बसतात.

तो शेजारचा अजून आहे. रस्त्यात भेटला की नमस्कारही करतो. पाटी नवीन केलीय त्याने, स्थापनेचं साल मात्र आमचं टाकलंय.